घाडीकाकांची चिठ्ठी

घाडीकाकांबद्दल सांगायचं तर आधी माझ्या मूर्खपणाबद्दल सांगावं लागतं. आमच्या घरी हा दुसरा विषय जास्त लोकप्रिय आहे. पाहुण्यांची जेवणं झाली, बडीशेपेची वाटी फिरायला लागली, की बायको हळूच म्हणते, "अहो, ती काढ्याची गोष्ट सांगा ना." आणि मी सांगतो. दर खेपेला मी थोडा जास्त मूर्ख होतो आणि घाडीकाका थोडे जास्त उंच होतात. आज लिहून काढतोय ते एवढ्यासाठी, की दोघांचं माप एकदाचं कायम व्हावं.

उंच ते खरंच होते. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर वरच्या दोरीवर कपडे टाकायला काठी न लागणारा एकच माणूस होता, तो म्हणजे काका. आमची खोली जिन्याला लागून, त्यांची गॅलरीच्या पार दुसऱ्या टोकाला. मधल्या नऊ खोल्यांतल्या बायका त्यांना वाळत टाकण्यापुरतं धोतर नाहीतर चादर देत, आणि काका मान न वळवता ती वर फेकत जात. शेवटच्या खोलीपर्यंत पोचेस्तोवर त्यांच्या खांद्यावर कुणाचं तरी फडकं राहिलेलं असायचं.

मिलमध्ये ते रंगखात्यात होते. जवळजवळ तीस वर्षं रंगाच्या उकळत्या भट्टीवर उभं राहून सुताला, कापडाला रंग दिला. ब्याऐंशीच्या संपात मिल बंद पडली ती त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही. पुढे पोटासाठी लालबागला एका रंगाच्या दुकानात डबे ढवळायला लागले, पण त्याला ते काम म्हणत नसत. "तिथे रंग डब्यातूनच येतो. आपण फक्त झाकण काढायचं," असं म्हणत. भट्टी सुटून वर्षं झाली तरी नखांच्या कडांना निळसर रेघ होती. त्यांच्याकडून प्रसाद घेताना आई गंमतीने म्हणायची, "घाडीभावोजी, साखर निळी नाही ना झाली?"

जग त्यांना शेडमध्ये दिसायचं. चहा आला की आधी बघणार, मग पिणार. "सुलभा, आज दोन शेड फिका." सुलभा म्हणजे माझी बायको, लग्न होऊन ती नवीन आली तेव्हा हे ऐकून रडकुंडीला यायची, पुढे पुढे तीच विचारायला लागली, "काका, बघा, आज जमलाय का?" तळमजल्यावरच्या सावंतांच्या मुलीच्या लग्नाचा शालू सगळ्यांना दाखवायला आणला होता. सावंतीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "राणी कलर आहे हो." काकांनी पदर उजेडात धरला आणि म्हणाले, "राणी नाय. राणीची मोलकरीण." सावंतीणबाई वर्षभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पहिल्या धुण्यात शालूचा रंग गेला तेव्हा तर आणखी एक वर्ष बोलल्या नाहीत.

आडनावाने त्यांना फार छळलं. आमच्या कोकणात घाडी म्हणजे गावची भुतंखेतं, बाधाबिधा बघणारा. त्यांच्या घराण्यात पूर्वी कुणी ते केलंही असेल. काका स्वतः पालीला घाबरत. पण भोईवाड्यात आडनाव पुरेसं होतं. एकदा काळाचौकीहून एक बाई नारळ, लिंबू आणि सुनेला घेऊन आल्या. सून भिंतीला टेकून उभी, डोळे अर्धे मिटलेले. काकांनी तिची खालची पापणी बोटाने खाली ओढली, आत बघितलं आणि सासूला म्हणाले, "इथे तांबूस पायजे, पांढराफटक आहे. हिला भूत नाय, हिला रक्त नाय. दवाखान्यात न्या, आणि घरात हिच्या पानात शेवटचं काय उरतं ते जरा बघा." सासू तणतणत गेली. लिंबू घेऊन गेली, नारळ विसरली. काकांनी त्याची सोलकढी केली आणि गॅलरीभर वाटली.

त्यांच्या दारासमोर गॅलरीत पत्र्याचे उथळ ट्रे असायचे, आठ, ओळीने. त्यात गव्हाचं गवत. रोज सकाळी एका ट्रेमध्ये भिजवलेला गहू पसरायचा, एका ट्रेमधलं गवत कात्रीने कापायचं, प्रत्येक ट्रेवर खडूने वार लिहिलेला. कुंड्यांत तुळस, ओवा, कोरफड, आणि कठड्यावरून चढवलेला जाईचा वेल. कॅन्सरचं हॉस्पिटल आमच्या चाळीपासून चालत दहा मिनिटांवर. बाहेरगावचे पेशंट आणि त्यांची माणसं आसपासच्या गल्ल्यांत कुठे कुठे राहायची. कुणाच्या तरी सांगण्यावरून ती काकांकडे यायची. काका तोंड आलेल्याला जाईचा पाला गुळण्यांसाठी द्यायचे, मळमळणाऱ्याला आल्याचं पाणी, आमसुलाचं सार, ज्याला चालेल त्याला गव्हाचा रस. मोबदला म्हणून जुनी वर्तमानपत्रं घेत, ट्रेखाली घालायला.

शिवाजी पार्काकडचे एक निवृत्त गृहस्थ एकदा सकाळच्या फेरीच्या बुटांतच चाळीचे जिने चढून आले. त्यांच्या साडूंना रसाने फार बरं वाटलं होतं. काकांवर कुठेतरी लेख छापून आणायचा त्यांचा बेत होता. वही उघडून त्यांनी विचारलं, "म्हणजे तुमच्या अनुभवाने, या रसाने कॅन्सर बरा होतो?"

"गवत आहे ते," काका म्हणाले. "बैल खातात."

"पण परिणाम तर दिसतो ना."

"तोंडाला जरा चव येते. पोट साफ होतं. आणि आपल्यासाठी कोणीतरी सकाळी उठून कायतरी कापतोय, ह्याने माणूस दोन घास जास्त जेवतो. गाठीचं काम हॉस्पिटलवाले करतात."

गृहस्थांनी वही मिटली. त्यांना हवा असलेला लेख यात नव्हता.

काकांची अट एकच होती, आणि ती मात्र कुणासाठी सुटत नव्हती. आधी हॉस्पिटलची फाईल दाखवायची, आणि फाईलला एक चिठ्ठी टाचायची. पेशंटच्या पोटात हॉस्पिटलच्या औषधाखेरीज जे जे जातं ते सगळं त्या चिठ्ठीवर लिहायचं. रस, पाला, आलं, बायकोच्या माहेरच्या गुरूंची विभूती, सगळं. चिठ्ठी डॉक्टरला दाखवायची. डॉक्टर "नको" म्हणाले तर नको. काकांचं असलं तरी नको. केमोचा डोस झाल्यावरच्या आठवड्यात ते कुणालाच कच्चा रस देत नसत. तेव्हा अंगातल्या पांढऱ्या पेशी पडलेल्या असतात, कच्च्यातून जंतू जातात, हे त्यांना तिथल्या एका डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. त्या बाई त्यांना "चिठ्ठीवाले काका" म्हणत. काका त्यांना "मॅडम" म्हणत आणि त्यांच्यासमोर कधी खुर्चीवर बसत नसत.

चिठ्ठी ही रंगखात्याची रीत. तिथे प्रत्येक भट्टीला तारेने एक चिठ्ठी अडकवलेली असायची. भट्टीत कुणी काही टाकलं की त्याने तिच्यावर लिहायचं. लिहिता येत नसेल तर खूण करायची. पाळी बदलली की नव्या माणसाने आधी चिठ्ठी वाचायची आणि मग आपली रंगाची पुडी सोडायची. नोकरीला दहा-बारा वर्षं झालेली असताना काकांनी एकदा घाईत चिठ्ठी न वाचता पुडी सोडली. आधीच्या पाळीवाल्याने तीच सोडलेली होती, वर आणखी एक. भट्टीतून जो रंग निघाला त्याला कुठल्याच पुस्तकात नाव नव्हतं. सगळा माल मिलच्या दुकानात तुकडे करून वजनावर विकावा लागला. त्या वर्षी भोईवाड्यात निम्म्या पोरांच्या चड्ड्या एकाच रंगाच्या होत्या, शेवाळ आणि गंज यांच्या मधल्या कुठल्यातरी. माझीही होती. काका आयुष्यभर मला बघून म्हणत, "तुझ्या बुडावर माझी चूक होती रे."

आता माझ्याकडे वळावं लागतं. संपाला सात-आठ वर्षं झाली होती. माझे वडील, तेही मिलमधलेच, संपातच गेलेले. मी विमा कंपनीत कारकून. आईच्या पोटात गाठ निघाली, ऑपरेशनात ती पूर्ण काढता आली नाही, आणि मॅडमनी केमोचे सहा डोस सांगितले. आमच्या घरात डॉक्टर कोणी नव्हता. ती उणीव मी भरून काढली. घरातला मी पहिला बी.कॉम., तेव्हा वैद्यकशास्त्र माझ्याकडे आपोआपच आलं.

मी कात्रणं जमवायला लागलो. ऑफिसात फाईलींच्या खाली माझी एक फाईल होती, तिच्यावर मी ठळक अक्षरांत "आई" लिहिलं होतं. साहेबांना वाटायचं मी मातृभक्त आहे. आत गुळवेलीपासून लसणापर्यंत सगळं होतं, आणि प्रत्येक वनस्पतीसमोर मी लाल शाईने शेरे मारले होते, "उत्तम", "विचारार्ह", "आवळ्याबरोबर नको?" असे. शेरे कशाच्या आधारावर होते, हे देवाला ठाऊक. सगळे नातेवाईकही कामाला लागले होते. गिरगावच्या आत्या खोताच्या वाडीच्या तोंडाशी राहायच्या, त्या दर रविवारी नवीन पाला घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "हे माझ्या नणंदेच्या जावेला लागू पडलं." ती जाऊ कधी कुणी पाहिली नाही, पण ती त्या वर्षी बारा वेळा बरी झाली.

काकांनी आईला रस सुरू केला तेव्हा चिठ्ठी मीच लिहिली. माझं अक्षर चांगलं आहे, चाळीतल्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या मीच लिहायचो. "गव्हाचा रस, एक लहान पेला, डोसाचा आठवडा सोडून. आलं. मुगाचं कढण." मॅडमनी वाचली, सही केली, फाईलला टाचली. सगळं रीतसर झालं.

दोन डोस झाले. आईचे केस गेले, तिने डोक्याला माझा जुना मफलर गुंडाळला आणि म्हणाली, "आता मी तुझ्या आजोबांसारखी दिसते." जेवण मात्र कमी झालं. मला वाटायला लागलं, की काकांचं हे गव्हाचं प्रकरण फारच सौम्य आहे. माणूस बिचारा चांगला, पण चौथी शिकलेला. माझ्या फाईलीत यापेक्षा जबरदस्त गोष्टी होत्या. तेव्हा मी गुळवेलीचा काढा सुरू केला. सकाळ-संध्याकाळ, आणि कात्रणात लिहिलं होतं त्याच्या तिप्पट घट्ट, कारण आईचा आजारही मोठा. त्यात आत्यांच्या ओळखीच्या एका माणसाकडची काळी पूड. पुडीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. तेव्हा मला तेच फार भारदस्त वाटलं.

हे मी चिठ्ठीवर लिहिलं नाही. मॅडम "बंद करा" म्हणतील ही एक भीती. दुसरी म्हणजे काकांसमोर ते वाचून दाखवावं लागलं असतं. सुलभाने विचारलं, "मॅडमना सांगितलंत ना?" मी म्हणालो, "हे औषध नाही, वनस्पती आहे." हे वाक्य मी फाईलीतूनच उचललं होतं.

तिसऱ्या डोसानंतर रक्ताचा रिपोर्ट आला. यकृताचे आकडे भलतेच चढले होते. मॅडमनी चिठ्ठी उलगडून पुन्हा वाचली आणि मला विचारलं, "याशिवाय काही चालू आहे?"

"नाही. त्यात आहे तेवढंच," मी म्हणालो. माझ्याच अक्षरातला कागद त्यांच्या हातात होता.

"मग औषधाचाच त्रास दिसतोय," त्या म्हणाल्या. "गाठीवर ते चांगलं चाललं होतं. पण यकृत असं बोलायला लागलं तर मला ते थांबवावं लागेल. दुसरं आहे, पण ते याच्याइतकं चांगलं नाही. मंगळवारी या, ठरवू."

त्या दिवशी शुक्रवार होता. घरी आलो. आईला फक्त सांगितलं की डोस पुढे गेलाय. ती म्हणाली, "बरं झालं, तेवढीच विश्रांती." संध्याकाळी काका आले. आईला बघायला ते रोज यायचे, उंबऱ्याशी उभं राहून म्हणायचे, "वहिनी, आज रंग बरा आहे," नाहीतर "आज जरा राखी." त्या दिवशी बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आज पिवळा उतरलाय." मग त्यांची नजर खिडकीतल्या पांढऱ्या चिनीमातीच्या कपावर गेली. त्यातला काढा आईने नुकताच संपवला होता. त्यांनी कप उचलला, गॅलरीत उजेडाला नेला, आतल्या कडेवरून बोट फिरवलं.

"ह्या काय?" काका चिडले की मालवणीत जात.

"चहा."

"माका चहाचो डाग शिकवतंस? तीस वर्षां डागच बघलंय."

त्यांनी बोट नाकाशी नेलं.

"गुळवेल आसा ह्यात. आणि काळा कायतरी. काय घातलंस? खरा सांग."

मी सांगितलं. गॅलरीत, कठड्याला धरून, हळू आवाजात, आत आई ऐकेल म्हणून. किती, केव्हापासून, पुडी कुठली, आकडे किती चढले, मंगळवारी काय ठरणार, सगळं. आता ते मला थोबाडीत मारतील असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर मारावी असंही वाटलं. ते नुसते कपाकडे बघत होते.

मला एक उत्तम तोडगा सुचला. अशा वेळी मला तोडगे सुचतात, ही माझी जुनी खोड. म्हणालो, "काका, आजपासून बंद करतो. काढा, पूड, सगळं मोरीत ओततो. मंगळवारपर्यंत आकडे आपोआप खाली येतील. उगाच मॅडमना कशाला..."

"आणि नाय इले खाली?" काका म्हणाले. "चार दिवसांत नायच इले, आणि बाईने चांगला औषध काढून टाकला तर? तुझ्या पुडीचा आळ त्या औषधावर?"

त्यांनी कप माझ्या हातात दिला.

"उद्या सकाळी आठला. पुडी घेऊन ये. कपही घे."

त्या संध्याकाळी मी मॅडमना पत्र लिहायला बसलो. तोंडाने बोलणं जमणार नाही याची खात्री होती. "सविनय निवेदन करण्यात येते की" अशी सुरुवात केली, "अनवधानाने" हा शब्द तीन वेळा घातला, आणि दीड पानावर "तरी सदर प्रकरणी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा" असं संपवलं. खाली सही केली आणि सवयीने हुद्दाही लिहिला. सकाळी जिन्यात काकांना वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्याच्यात पुडी किती चमचे दिली ते कुठे आहे?"

ते कुठेच नव्हतं.

हॉस्पिटलात बाकड्यावर आम्ही अडीच तास बसलो. शनिवारी मॅडम नंबर नसलेल्यांना शेवटी बघत. समोरच्या भिंतीला टेकून एक बाई तिच्या नवऱ्याला केळं भरवत होती, आणि तो एकेका घासाला "पुरे" म्हणत होता. काका तिकडे बघत होते. मी पुडी खिशात चाचपत होतो. मध्येच ते बोलायला लागले, माझ्याकडे न बघता.

"काकीची गोष्ट तुला ठाऊक नाय."

काकी त्यांची बायको. संपाच्या काळात वारली, एवढंच मला ठाऊक होतं.

"छातीत गाठ होती. लिंबाएवढी. ह्याच हॉस्पिटलात ऑपरेशन सांगितलं होतं. संप चालू, मी घरात बसून. गावच्या एका माणसाने लेप दिला. म्हणाला, कापायची गरज नाय, बसेल. मी रोज वाटून लावायचो. हाताला काम नव्हतं ना. ते काम मिळालं. सहा महिने लावला." समोरच्या माणसाने केळं संपवलं होतं. "मग इथे आणली. डॉक्टरने इचारलं, इतके दिवस काय केलंत? मी म्हटलं, काय नाय, संपात जमलं नाय. संपावर ढकललं. लेपाचं बोललोच नाय. लाज वाटली."

"सांगितलं असतं तर..."

"तिचं काय झालं असतं ते मला ठाऊक नाय. उशीर झालेलाच होता. पण ती समोर बसून माझं खोटं ऐकत होती. घरी येताना वाटेत म्हणाली, लेपाचं का नाय बोललात? मी म्हटलं, राहिलं." त्यांनी मांडीवरचे हात उलटे केले आणि नखं बघत राहिले. "त्यावर ती काय बोलली नाय."

आमचं नाव पुकारलं. काकांनी मला पुढे केलं आणि स्वतः दाराशी उभे राहिले. दीड पानाचं निवेदन माझ्या हातात होतं. ते मी टेबलावर ठेवलं, वर कप ठेवला, वर पुडी, आणि म्हणालो, "मॅडम, मी खोटं बोललो." पुढचं आपोआप आलं. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. किती चमचे? किती वेळा? किती दिवस? पाणी आटवून किती? एकेक त्या लिहून घेत होत्या. पुडी उघडून त्यांनी वास घेतला आणि ती वेगळ्या पाकिटात घातली.

"चिठ्ठीवर का नाही हे?"

"चिठ्ठी मीच लिहितो," मी म्हणालो. हे उत्तर नव्हतं, पण त्यांना ते पुरलं.

त्या रागावल्या नाहीत. थकलेल्या दिसल्या. म्हणाल्या, "रोज दहा माणसं मला हेच सांगतात, काही देत नाही म्हणून. त्यातली किती खरं बोलतात ते मला कळत नाही. तुम्ही आलात ते बरं केलंत. आता हे सगळं बंद. औषध मी सध्या बदलत नाही. दहा दिवसांनी रक्त बघू. आकडे उतरले तर दोष तुमच्या काढ्याचा, नाही उतरले तर मग विचार करू." मग दाराकडे बघून म्हणाल्या, "काका, तुमचंही बंद."

"व्हय. कालपासूनच बंद केलंय," काका म्हणाले.

ते दहा दिवस मी कसे काढले ते सुलभाला विचारा, ती रंगवून सांगते. तिच्या म्हणण्याप्रमाणे मी रोज सकाळी आईचे डोळे उजेडाला धरून बघायचो, आणि आई म्हणायची, "आता तूही रंगखात्यात लागलास का?" कात्रणांची फाईल मी ऑफिसात एका सहकाऱ्याला देऊन टाकली, त्याच्या सासऱ्यांना मधुमेह होता. हाही मूर्खपणाच, हे नंतर लक्षात आलं, मग ती परत मागून घेतली.

आईला सगळं सांगणं भाग होतं. ते मी तिसऱ्या दिवशी केलं. ती उशीला टेकून बसली होती. ऐकून म्हणाली, "मला वाटलंच होतं चव फार भयंकर आहे. हॉस्पिटलवाले इतकं वाईट देणार नाहीत."

"मग प्यायलीस कशाला?"

"तू सकाळी पाचला उठून ढवळत होतास. ऑफिसला जायच्या आधी. मी नाही म्हटलं असतं तर तू काय केलं असतंस दिवसभर?"

यावर मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. काकांचे ट्रे तिथून दिसायचे. आईचा रस बंद झाला तरी ते तिच्या वाटणीचं गवत रोज कापत होते आणि खालच्या गोठ्यातल्या म्हशीला घालून येत होते. विचारलं तर म्हणाले, "पेरलंय ते वाढणारच. त्याला कोण सांगणार?"

दहाव्या दिवशी रक्त दिलं, दुसऱ्या दिवशी मॅडमनी रिपोर्ट बघितला. आकडे निम्म्याच्या खाली आले होते. आणखी आठ दिवस थांबून चौथा डोस त्याच औषधाचा झाला. मग पाचवा, मग सहावा. आई पुढे बरीच वर्षं होती. माझ्या मुलीला तिने चालायला शिकवलं आणि मला सल्ले देणं बंद करायला शिकवायचा प्रयत्न केला. पहिलं जमलं.

पुढच्या चिठ्ठ्याही काकांनी माझ्याकडूनच लिहून घेतल्या. दुसऱ्या कुणाकडे द्या, असं मीच म्हणालो होतो. ते म्हणाले, "नाय. तूच लिही. आता तू इचारशील." आणि खरंच, फाईल घेऊन आलेल्या माणसाला मी असे काही प्रश्न विचारायचो की एका साताऱ्याच्या पाटलांनी काकांना विचारलं, हा तुमचा पोरगा पोलिसात आहे का.

आम्ही चाळ सोडून डोंबिवलीला गेलो, मग काकांची भेट कमी झाली. खोली भाच्याला देऊन ते गावाला जाणार असं ऐकत होतो, पण ते जात नव्हते. त्यांना शेवटचं पाहिलं ते आईच्या वार्षिक तपासणीच्या दिवशी. तपासणी झाली होती, सगळं ठीक होतं, आणि आम्ही हॉस्पिटलच्या समोरच्या फुटपाथवर टॅक्सी शोधत होतो. रस्त्याच्या पलीकडे, गेटच्या बाजूला, काका उकिडवे बसले होते. पुष्कळ वाळले होते. तरी बसूनसुद्धा समोर बसलेल्या माणसापेक्षा वीतभर उंच दिसत होते. समोर एक जोडपं, पायांत गावाकडच्या वहाणा, शेजारी गाठोडं. बाईच्या डोक्याला पदर घट्ट लपेटलेला होता. तिचा नवरा मान खाली घालून काहीतरी बोलत होता आणि काका ऐकत होते. मी हाक मारायला हात वर केला.

"थांब," आई म्हणाली. "आत्ता नको."

काका गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले. तो माणूस उठेना. बाई उठली आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग तो उठला. उठता उठता त्याने मुठीतलं पुडीसारखं काहीतरी सदऱ्याच्या खिशात सारलं. काकांनी वाकून, अगदी सावकाश, ते त्याच्या खिशातून काढलं, त्याच्या हातावर ठेवलं, आणि त्याची बोटं मिटू लागली तशी ती एकेक करून पुन्हा उघडली. तो तळहात तसाच पसरून धरून चालायला लागला. मागून त्याची बायको, आणि त्यांच्या मागे काका, मधल्या गर्दीत कुणाला धक्का लागू नये म्हणून दोन्ही हात थोडे पुढे धरून. तिघं गेटमधून आत गेली.

आमची टॅक्सी येऊन उभी होती. आई आत बसली नव्हती. ती गेटकडे बघत होती.

"सांगेल का रे तो?" तिने विचारलं.